गंधरस कुठे मिळतो?

निवृत्त झाल्यावर पुन्हा कुणाला शिकवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. एकतीस वर्षं अकोट तालुक्यातल्या शाळांमध्ये मराठी शिकवली, तेवढी पुरे. अमरावतीला घर बांधलं, मागच्या अंगणात लिंबू आणि पपई लावली. सकाळच्या पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुकांना लाल पेनने गोल करायचे, एवढीच मास्तरकी शिल्लक ठेवली होती. त्यावरही बायको म्हणायची, "ते पेपरवाल्याले पाठवून द्या ना एकडाव. तुमी इथं गोल करून राहिले, त्याले कसं समजन?"

डिसेंबरच्या सुरुवातीला एका मंगळवारी दुपारी चार वाजता फाटकाशी स्कूटर थांबली. तिशीतला एक सडपातळ माणूस उतरला. बाहेर लख्ख ऊन होतं आणि त्याच्या डोक्यावर कानटोपी होती. मला वाटलं, विमा विकायला आला असेल.

"सर, मी फादर आहे," तो म्हणाला.

माझी एक जुनी विद्यार्थिनी चर्चच्या शाळेत शिक्षिका आहे, तिने त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. फादर मूळचे केरळचे. वर्षभर दुसऱ्या गावी मराठी शिकून चार महिन्यांपूर्वी अमरावतीत आले होते. व्याकरण पक्कं होतं. कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी यायचं.

"मला मराठी येते, सर," ते म्हणाले. "पण मी बोललो की लोक हसतात."

"काय बोलता की हसतात?"

त्यांनी जरा घुटमळत सांगितलं. मागच्या महिन्यात त्यांनी लोकांना सांगितलं होतं की नव्या पिकातलं थोडं थोडं देवासाठी भेट म्हणून आणा. पण त्यांच्या तोंडून 'भेट'चं 'बेट' झालं. तेव्हा पहिल्या बाकावरचे एक आजोबा उठून म्हणाले होते, "फादर, आनलं असतं, पन समुद्र इकून लय दूर हाय."

मी हसू दाबायला खोकलो. स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला, म्हणजे तिकडेही ऐकू गेलं होतं.

फादरांची अडचण अशी होती. चर्चच्या मोठ्या फादरांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. जानेवारीतल्या पहिल्या रविवारी ख्रिस्ती लोकांचा एक मोठा सण येतो. पूर्वेकडचे काही जाणते लोक एका ताऱ्याच्या मागे चालत आले आणि बाळ येशूला भेटले, त्याची आठवण म्हणून तो पाळतात. लोक त्याला तीन राजांचा सण म्हणतात. त्या दिवशी चार शास्त्रपाठ असतात: एका संदेष्ट्याची वाणी, एक स्तोत्र, एक पत्र आणि शेवटी शुभवर्तमानातली ती मूळ गोष्ट. पहिले पाठ मंडळीतले लोक वाचतात. शेवटचा फादरांनी वाचायचा आणि त्यावर प्रवचनही करायचं. मोठे फादर नसल्यामुळे हे सगळं या कानटोपीवाल्या फादरांवर आलं होतं.

"मला चारही पाठांतला शब्द न् शब्द समजून घ्यायचा आहे," ते म्हणाले. "नुसता उच्चार नको."

"अहो, पण मला तुमच्या धर्मातलं काही येत नाही. आमच्या घरी गजानन महाराजांचा फोटो आहे, बघा तो."

"ते मला येतं, सर. तुम्ही फक्त मराठी बघा."

मी नाही म्हणायच्या बेतात होतो, तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. "शिकवा ना," ती म्हणाली. "दिवसभर काय करून राहिले तुमी? पपई मोजून राहिले."

अशी दर मंगळवारी आणि शुक्रवारी आमची शिकवणी सुरू झाली.

पहिले दोन तास भ, ध, ख आणि घ यांच्यातच गेले. मी कॅलेंडरचं जुनं पान फाडून त्याची पट्टी केली आणि त्यांच्या ओठांसमोर धरली. 'बेट' म्हटलं की पट्टी हलता कामा नये, 'भेट' म्हटलं की हलली पाहिजे. फादर घाम येईपर्यंत 'बेट, बेट, बेट' करत राहिले आणि पट्टी जागची हलेना. शेवटी बायको बाहेर येऊन म्हणाली, "फादर, चूल फुंकता तशी फुंकर मारा ना." त्यांच्या आईच्या घरी अजून चूल होती. त्यांनी डोळे मिटले, फुंकर मारली आणि त्या फुंकरीतून स्वच्छ 'भेट' बाहेर पडली. पट्टी माझ्या हातातून उडाली. आम्ही तिघांनीही टाळ्या वाजवल्या.

मग च आणि ज आले. चहाचा च वेगळा, चांदणीचा च वेगळा. राजाचा ज वेगळा, जागेचा ज वेगळा. लिहायला मात्र एकच.

"हे ओळखायचं कसं, सर?"

"नियम आहेत थोडे. पण खरं सांगू? आईच्या पोटात असतानाच कळतं."

"मग माझी चूक झाली," ते गंभीरपणे म्हणाले, आणि 'चूक' म्हणताना चहाचा च वापरला.

एक गोष्ट मात्र मला खाली मान घालायला लावणारी होती. फादरांचा ळ अप्रतिम होता. त्यांच्या भाषेत ळ भरपूर आहे, जीभ वळवून तो असा काढत की ऐकत राहावंसं वाटे. आणि आम्ही वऱ्हाडातले. आमच्याकडे डोळ्याचा डोया होतो आणि केळ्याचं केय. एकतीस वर्षं मी वर्गात 'ळ म्हणा, ळ' असं ओरडत आलो, आणि घरी आल्यावर 'बाहेर काया कुत्रा कोनाचा बसला?' असं विचारत आलो. एका शुक्रवारी बायकोने ताटली पुढे केली आणि म्हणाली, "केयी खा, फादर." फादर म्हणाले, "केळी फार गोड आहेत." ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "ऐका. असं म्हनतेत."

आता शास्त्रपाठांचं. मी मास्तर माणूस, मजकूर समोर आला की हातात पेन्सिल येतेच. पहिला पाठ यशया नावाच्या संदेष्ट्याचा होता. एका उद्ध्वस्त नगराला तो सांगतो की ऊठ, तुझ्यावर उजेड पडला आहे. दूरदूरचे लोक तुझ्याकडे येतील, उंटांच्या झुंडी येतील, सोनं आणि धूप घेऊन येतील. वाचता वाचता मी फादरांना विचारलं, "इथल्या माणसाला उंट कसा दिसेल? तुम्हाला थोडं समजावून सांगावं लागेल."

"कावून?" बायको भाजी निवडत दारात बसली होती. तिचं माहेर तेल्हाऱ्याकडचं. "आमच्या वावरात दरसाल येत ना काठेवाडी. पीक निंघालं का गाई घेऊन येत. उंटावर खाटा, भांडे, लेकरं, कोंबड्या, सारं लादून. बाप मायं त्याईले वावरात बसवे, खत भेटे म्हनून. त्याईची बोली आमाले समजे नाई, आमची त्याईले समजे नाई. पन एक बाई मले दूध दे. उंटाचं."

"तू उंटाचं दूध प्यायली आहेस?" मी विचारलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

"तुमी कधी इचारलं?"

फादरांनी वहीत लिहून घेतलं. ती वही शिकवणीच्या पहिल्या दिवशी कोरी होती, आता तिच्यात माझ्यापेक्षा बायकोचीच वाक्यं जास्त भरू लागली होती. पत्राचा पाठ आला तेव्हाही तसंच झालं. त्यात पौल नावाचा प्रेषित सांगतो की देवाचं वचन एका जातीपुरतं नाही, बाहेरचेही त्यात सहवारस आहेत. 'सहवारस' हा शब्द मी दहा मिनिटं फोडून सांगितला. बायको म्हणाली, "म्हंजे हिस्सेदार." फादरांनी माझी दहा मिनिटं खोडली आणि तिचा एक शब्द लिहिला.

शेवटच्या पाठात मी माझी हुशारी दाखवली. मत्तयाने लिहिलेली ती मूळ गोष्ट मी तीनदा वाचली आणि म्हणालो, "फादर, यात तीन कुठे आहेत? आणि राजे कुठे आहेत? पूर्वेकडचे जाणते लोक, एवढंच आहे. आकडा नाही."

फादर खूश झाले. "बरोबर, सर! लिहिलेलंच नाही. भेटी तीन म्हणून माणसं तीन, असं लोकांनी धरलं."

"मग गोष्ट चुकीची सांगता की तुम्ही."

"लोक प्रेमाने सांगतात," ते म्हणाले. "मी ती लाल पेनने गोल करणार नाही."

शेजारी पडलेला लाल गोलांचा पेपर मी घडी घालून बाजूला ठेवला.

पण त्याच दिवशी एक गडबड झाली. त्या लोकांनी बाळाला तीन वस्तू दिल्या: सोनं, ऊद आणि गंधरस. सोनं म्हणजे सोनं. ऊद आपण जाळतो तोच. गंधरसापाशी मी अडलो. इतकी वर्षं मराठी शिकवली, पण गंधरस म्हणजे नेमकं काय, तो कुठे मिळतो, मला सांगता येईना. शब्दकोश काढला, त्यात 'एक सुगंधी द्रव्य' एवढंच होतं.

"अर्थ मला माहीत आहे," फादर म्हणाले. "पूर्वी प्रेताला लावत असत. म्हणून जुने धर्मगुरू सांगतात की तो बाळाच्या पुढच्या मरणाची खूण होता."

भाजी निवडणारे हात थांबले.

"लेकराच्या घरी मौतीचं सामान नेलं?" बायको म्हणाली.

"खूण म्हणून, आई."

"खून गिन काई नाई. नवं लेकरू पाहाले गेले आनि मौतीचं सामान घेऊन गेले? असे कसे जानते लोकं?" ती ताट उचलून आत निघून गेली.

फादर गोंधळले. मी त्यांना हळू आवाजात सांगितलं की आमची मुलगी अकोल्याला आहे आणि तिला नववा महिना चालू आहे. रीतीप्रमाणे बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिची नोकरी अकोल्याची, डॉक्टर अकोल्याचे, म्हणून तिची आईच दोन दिवसांनी तिकडे जाणार होती. अशा घरात असला शब्द तिला सहन झाला नव्हता. फादर उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. "आई, माफ करा," म्हणाले. आतून उत्तर आलं, "चहा ठेवला हाय, पिऊन जा." राग होता, पण चहाही होता. त्यावरून मी अंदाज बांधला की फार काळ टिकणार नाही. पण टिकला. अकोल्याला जाताना बसमध्ये बसेपर्यंत ती म्हणत होती, "त्या फादरले सांगजा, दुसरा अर्थ पाहा म्हनाव."

नाताळच्या चार दिवस आधी मुलीला मुलगी झाली. नॉर्मल झाली, दोघी बऱ्या होत्या. मी नाताळ झाल्यावर अकोल्याला गेलो. फादरांची शिकवणी अर्धवट राहिली होती. शुभवर्तमानाचा पाठ ते अजून वाक्यावाक्याला अडखळत वाचत होते, आणि सण आठ दिवसांवर आला होता. मी फोनवर दिलगिरी व्यक्त केली, तर ते म्हणाले, "मी अकोल्याला येतो, सर. एसटी आहे ना."

ते आले तेव्हा हातात केकचा डबा होता आणि डोक्यावर तीच कानटोपी. बायकोने दार उघडलं. "या," म्हणाली, डबा घेतला आणि लगेच माझ्या हातात एक यादी दिली. "हे आना पयले. शिकवनी मंग करा." यादी लांबलचक होती: डिंक, हळीव, बाळंतशोपा, ओवा, वेखंड, ऊद, हिराबोळ. मुलगी आतल्या खोलीतून ओरडली, "आई, मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही घेणार नाही. आणि बाळाजवळ धूर अजिबात करायचा नाही."

"इचार ना तू डॉक्टरले. मी का नाई म्हनलं? आनून तं ठेवू द्या."

फादर म्हणाले, "मी पण येतो, सर. चालता चालता वाचन करू."

जुन्या शहरातल्या एका गल्लीत जडीबुटीचं दुकान आहे. माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी मी तिथूनच सामान नेलं होतं, तेव्हा गल्ल्यावर काळ्या दाढीचे चाचा बसत. आता तेच चाचा पांढऱ्या दाढीचे झाले होते. भिंतभर लाकडी खण, आणि सगळीकडे सुंठ, वेखंड, कापूर असा मिसळलेला वास. मी यादी वाचत गेलो, चाचा एकेक खण ओढत पुड्या बांधत गेले.

"हिराबोळ," मी म्हणालो.

"बाळंतिणीसाठी ना? मंग ये लो, असली हीराबोल." त्यांनी बरणीतून तांबूस, ओबडधोबड खडे कागदावर काढले. गोठलेल्या डिंकासारखे दिसत होते. "आजकल कोई पूछता नहीं, मास्तर. पयले हर घरात जात व्हता. हमारे हकीम लोग इसको मुर बोलते. मुर मक्की. अरब मुलूक से आता है."

माझ्या शेजारी उभे असलेले फादर एकदम पुढे झाले. "काय म्हणालात तुम्ही? मूर?"

"मुर. कायकू?"

फादरांनी एक खडा उचलला, नाकाशी नेला, पुन्हा नेला. मग माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "सर, आमच्या भाषेत हा पाठ लहानपणापासून पाठ आहे मला. पोन्न, कुंदिरिक्कम, मूर. सोनं, ऊद, मूर! मूर म्हणजे तुमचा गंधरस. हाच तो, सर. हा गंधरस आहे!"

मी खड्याकडे पाहिलं. शब्दकोशात 'एक सुगंधी द्रव्य' म्हणून बसलेली वस्तू अकोल्याच्या गल्लीत बरणीत भरून होती. तीस वर्षांपूर्वी मी ती स्वतःच्या हाताने घरी नेली होती.

"हे बाळंतिणीला का देतात?" फादरांनी चाचांना विचारलं.

"पोट साफ होता है, दर्द कम होता है. औरत को ताकद आती. असं जुने लोग मानते व्हते." चाचांनी खांदे उडवले. "चखो."

फादरांनी कण जिभेवर ठेवला आणि त्यांचं तोंड असं वाकडं झालं की चाचा गल्ल्यावर हात आपटून हसले. "कडवा है ना? सब बाळंतिणी ऐसाच मुंह करती!"

परत येताना फादर पाठ म्हणायचं विसरूनच गेले. भराभर चालत होते, पुड्यांची पिशवी त्यांनी माझ्याकडून घेतली होती. घरात शिरल्या शिरल्या चपलाही न काढता ते म्हणाले, "आई, गंधरस मिळाला!" मग जीभ चावून मागे फिरले, चपला काढून आले, आणि हिराबोळची पुडी उघडून बायकोच्या पुढे धरली.

तिला समजायला मिनिटभर लागलं. मी सांगितलं, फादरांनी सांगितलं, दोघंही एकदम बोलत होतो. ती खुर्चीवर बसली. पुडी मांडीवर घेतली. खड्यावर बोट फिरवलं.

"म्हंजे," ती सावकाश म्हणाली, "हे त्या मायसाठी व्हतं."

फादरांनी वही काढली.

"सारे लेकराकडंच पाहून राहिले. तारा पाहून राहिले, सोनं पाहून राहिले. गोठ्यात बायंतीन झाली ती पोरगी, तिच्याकडं कोनं पायलं? कोनंच नाई? ह्याईनं पायलं." मग तिचा आवाज एकदम चढला, पण रागाने नाही. "आनि सोनं कावून नेलं? अवो, मधात उगायून चाटवतेत लेकराले. आनि ऊद धुरीले. सारं बायंतिनीचं सामान हाय हे! म्या मनलंच व्हतं. जानते लोकं असे कसे चुकतीन? कोन्या तरी बाईनं यादी करून देल्ली असन त्याईले."

"आई, काही चाटवायचं नाही!" आतून आवाज आला.

"नाई चाटवत वो बाई! गोष्ट सांगून राहिली मी."

फादर इतके हसले की त्यांनी कानटोपी काढून डोळे पुसले. मग म्हणाले, "धर्मगुरूंनी सांगितलेला अर्थही जुना आहे, आई. तो मी टाकू शकत नाही."

"नका टाकू. मरन काय कोनाले चुकलं? पन पयले जगू तं द्या दोघीले... दोघाईले." तिने डोळ्याला पदर लावला. बोलताना तिच्या मनात बाळ येशू आणि आमची नात यांची सरमिसळ झाली होती. ती कुणी दुरुस्त केली नाही. मीही नाही.

शिकवणी शेवटी संध्याकाळी झाली. बैठकीत बसून फादर शुभवर्तमानाचा पाठ वाचू लागले आणि आत नात रडायला लागली. बाळ रडतंय म्हणून ते थांबले. मुलगी म्हणाली, "नाही, नाही, फादर, वाचा. तुमचा आवाज आला की गप्प होते ती." त्यांनी वाचलं. नात खरंच गप्प झाली. पाठ संपला, पुन्हा सूर लागला. त्यांनी पुन्हा वाचलं. घाई केली की ती कुरकुरायची, म्हणून त्यांना सावकाश, सुरात, प्रत्येक शब्दाला पुरता श्वास देऊन वाचावं लागलं. मी महिनाभर जे सांगत होतो ते त्या नऊ दिवसांच्या मुलीने तासाभरात करून घेतलं. अकरा वेळा वाचून झाल्यावर नात झोपली. फादरांना तोपर्यंत पाठ तोंडपाठ झाला होता.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी डिंकाच्या लाडवांना होकार दिला आणि हिराबोळला नकार. बायकोने पुडी फेकली नाही. ती देवघरात ठेवली.

सणाच्या रविवारी मी एकटाच पहाटेच्या गाडीने अमरावतीला गेलो. चर्चमध्ये मी पहिल्यांदाच पाय ठेवत होतो. चपला काढायच्या की नाही, इथपासून प्रश्न. सगळ्यात मागच्या बाकावर बसलो, खिशातून छोटी वही आणि पेन काढलं. चुका टिपून नंतर सांगायच्या, असं ठरलं होतं. कोपऱ्यात गोठ्याचा देखावा होता, त्यात एक उंटही होता, आणि तो एका बाजूला कलला होता. एका नर्सबाईंनी संदेष्ट्याचा पाठ वाचला, स्तोत्र सगळ्यांनी गायलं, एका वयस्क गृहस्थांनी पत्र वाचलं. त्यातला सहवारस आला तेव्हा मला 'हिस्सेदार' ऐकू आलं.

मग सगळे उभे राहिले आणि फादरांनी शुभवर्तमान वाचलं. सावकाश, सुरात. राजाचा ज राजासारखा आला, चांगल्याचा च चांगला आला. भेट देण्याची ओळ जवळ आली तसं मी पेनाचं टोपण काढलं. पुढच्या बाकावरचे एक आजोबाही मान पुढे काढून ऐकत होते, समुद्राची चौकशी करणारे बहुधा तेच. भेट स्वच्छ आली. आजोबांनी मान डोलावली. माझ्या वहीचं पान कोरं राहिलं.

प्रवचनात त्यांनी तिन्ही वस्तूंचे जुने अर्थ सांगितले. मग म्हणाले, "पण अकोल्यात एका आईने मला एक प्रश्न विचारला." गंधरस म्हणजे हिराबोळ, हे त्यांनी सांगितलं तेव्हा बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. फादरांना रंग चढला. हात उंचावून ते म्हणाले, "सारे लेकराकडंच पाहून राहिले! पन त्या बायंतिनीकडं कोनं पायलं?"

बायंतीन! तो सुंदर ळ, ज्याचा मी महिनाभर हेवा केला होता, त्यांनी भर चर्चमध्ये टाकून दिला होता. सगळं चर्च हसलं. फादर घाबरले नाहीत, तेही हसले. कारण हे हसणं वेगळं होतं, घरचा माणूस बोलल्यावर येतं तसं. समोरची एक म्हातारी बसल्या जागेवरून मोठ्याने म्हणाली, "खरं हाय फादर. मले बी देल्ला व्हता मायनं. भल्ला कडू राह्यते." मी पेनाला टोपण लावलं.

नंतर अंगणात मांडवाखाली जेवण होतं. फादरांनी मला हाताला धरून सगळ्यांसमोर नेलं. "हे माझे सर."

"मंग ते बाई कोन?" त्या म्हातारीने विचारलं.

"माझी बायको," मी म्हणालो, आणि एकतीस वर्षांत शाळेच्या कुठल्याही समारंभात मला एवढी ऐट वाटली नव्हती.

मी बाजूला होऊन अकोल्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मायं नाव तं नाई ना सांगतलं त्याईनं?"

"नाही. एक आई म्हणाले."

"मंग ठीक हाय. जेवले का तुमी?"

"बसतोच आहे. पुरी, वांग्याची भाजी आणि जिलबी आहे."

"फादरले द्या फोन."

मी फोन दिला. मांडवात उभे राहून फादर दहा मिनिटं ऐकत होते. "हो आई... हो आई... नाही आई, टोपी घातली आहे... हो, सांगतो त्यांना." मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळले. "सर, तुम्हाला एकच जिलबी खायला सांगितली आहे."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणालो, मी पाहून राहिलो."

तोवर वाढणाऱ्या बाईंनी माझ्या पानात तीन टाकल्या होत्या.